टिकली लावलेली नावं

शिनूनं वहीचे सहा फोटो काढले आणि सातव्याला थांबला.

हॉस्पिटलच्या मागे, चादरी वाळत घालतात तिथं आम्ही उभे होतो. सोमवार होता, सकाळचे दहा वाजले होते. वही कलावतीबाईंनी पदराखाली झाकून आणली होती. तापाच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या या बाई अर्ध्या तासात वही जागेवर ठेवायची म्हणून घाई करत होत्या. साधी, शाळेतली, दोनशे पानी वही होती. पानोपानी रुग्णांची नावं, वय, दाखल झाल्याची तारीख. काही नावांच्या आधी मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती, बायका कपाळाला लावतात ती, पाकिटात मिळणारी.

"काय झालं?" मी विचारलं.

शिनूनं कॅमेरा खाली घेतला आणि एका नावावर बोट ठेवलं. भाग्यलक्ष्मी येमूल, वय २२. नावाआधी टिकली होती.

भाग्या ही शिनूची धाकटी बहीण. शुक्रवारी ती तापानं फणफणली, शनिवारी त्यानं तिला इथं दाखल केलं. शिनू म्हणजे श्रीनिवास येमूल, आमच्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीचा छायाचित्रकार. मी, माळवदकर, शहर वार्ताहर. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. त्या ऑक्टोबरात शहराच्या पूर्व भागात डेंग्यूनं थैमान घातलं होतं. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, त्यामुळे घराघरात पिंपं भरलेली आणि पिंपांत डास.

"टिकली लागली की मानूस खाली जातंय, सायेब," कलावतीबाई म्हणाल्या. खाली म्हणजे तळमजल्यावर, अतिदक्षता विभागात. "आन ती बाईच लावती. दाखल झाल्या झाल्या लावती."

शिनूनं ते पान टिपलं नाही. मी त्यावरची नावं हातानं उतरवून घेतली.

ऐकीव गोष्टीवर मी बातमी करत नसे. कार्यालयात माझ्या बातम्यांची चूकदुरुस्ती सर्वांत कमी छापावी लागे आणि याचा मला अभिमान होता. दुपारभर बसून मी ती नावं अतिदक्षता विभागाच्या यादीशी जुळवली. तीन आठवड्यांत टिकली लागलेले तीस जण होते. त्यातले सात खाली गेले, दोघे दगावले. बिनटिकलीचे चव्वेचाळीस, त्यातला एकच खाली गेला. मग मी तारखा पाहिल्या. प्रत्येक टिकली माणूस खाली जाण्याच्या तीन-चार दिवस आधी लागलेली होती. म्हणजे कुणाचं बिघडणार हे त्या बाईला आधीच ठाऊक होतं. अशी गोष्ट आधी कुणाला ठाऊक असते? माझ्या मते, जो ती घडवतो त्याला.

बाई म्हणजे डॉ. हेमलता बिडकर. पन्नाशीच्या, पुण्याहून दोन वर्षांच्या संशोधनासाठी आलेल्या. ट्रस्टच्या या हॉस्पिटलनं त्यांना वॉर्डाशेजारची खोली दिली होती. त्या रुग्णांचं रक्त सकाळ-संध्याकाळ काढत. त्या नळ्या बर्फाच्या पेटीतून रोज पुण्याला पाठवल्या जात. नातेवाइकांत कुजबुज होती की बाई रक्त बाहेर विकते. त्यावर माझा विश्वास नव्हता. मला वाटत होतं, त्या निवडक माणसांना काहीतरी टोचतात आणि काय होतं ते रक्तात बघतात.

मंगळवारी सकाळी मी त्यांना भेटलो. टिकल्यांचं नाव काढलं असतं तर कलावतीबाईंची नोकरी गेली असती, म्हणून आडून विचारलं. काही रुग्णांवर तुम्ही खूण करता का?

त्या म्हणाल्या, "खुणा आमच्या कामाचा भाग आहेत. काम पूर्ण झालं की छापून येईल, तेव्हा वाचा."

रक्त कशासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, पांढऱ्या पेशी बघतो. पुढं काही नाही. वार्ताहराला समजावून सांगणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटत होता आणि तो वाटतोय हे त्या लपवत नव्हत्या. मी शेवटचा प्रश्न विचारला. ताप उतरलेल्या माणसांनाही तुम्ही दोन-दोन दिवस घरी सोडत नाही, ते का?

"कारण ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नसतं."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. बातमीतही घातलं, अगदी शेवटी. आमच्याकडे पानात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. हे शिकाऊ उमेदवारालाही माहीत असतं. मला तेव्हा नोकरीत बारा वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी भाग्याचा ताप उतरला. शिनू कार्यालयात आला तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला होता. तिनं इडली मागून खाल्ली म्हणे. त्यानं घरी न्यायचं विचारलं तर बिडकरबाईंनी गुरुवारपर्यंत नाही म्हणून सांगितलं होतं.

"टिकली लावलीय आणि सोडत पण नाहीत," तो म्हणाला. "काय करू बे?"

मी त्याला सांगितलं, उद्या बातमी आल्यावर कुणी अडवणार नाही, सकाळीच घेऊन जा. आणि दिवसभर फोन बंद ठेव, हॉस्पिटलवाले दबाव आणतील.

बुधवारी पहिल्या पानावर बातमी आली. 'ताप उतरला, तरी सुटका नाही'. खाली शिनूनं काढलेला वहीचा फोटो, नावं पुसून, टिकल्या तेवढ्या ठेवून. कलावतीबाईंचा उल्लेख कुठंही नव्हता. डॉ. बिडकर यांचं 'काम पूर्ण झालं की वाचा' हे उत्तर चौकटीत होतं. तापाविषयीचं वाक्य कापलं गेलं होतं. सकाळी नऊपर्यंत वॉर्ड निम्मा रिकामा झाल्याचं मला दोन ठिकाणांहून कळलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा मी तेव्हाच मनात तयार केला.

बिडकरबाई कार्यालयात आल्या तेव्हा मी तीच बातमी लिहीत होतो. खालून वॉचमनचा फोन आला की कुणी डॉक्टरबाई आल्यात, वहीत नाव लिहून घेऊन वर पाठवतो. अब्रुनुकसानीची नोटीस घेऊन आल्या असणार, असं धरून मी टेबलावरचे कागद उलटे केले.

त्यांच्या हातात नोटीस नव्हती. उभ्याउभ्याच त्या म्हणाल्या, "तुमच्या फोटोग्राफरचा घरचा पत्ता द्या. त्यांचा फोन लागत नाही."

कार्यालयाचा एक अलिखित नियम होता. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याला आपल्या माणसाचा पत्ता द्यायचा नाही. त्यामागे कारणं होती. एका वार्ताहराच्या घरावर दगड पडले होते. मी त्यांना म्हणालो की पत्ता हॉस्पिटलच्या केसपेपरवर असेलच.

"केसपेपरवर तुमच्या कार्यालयाचा पत्ता आहे."

ते खरं निघालं. पेपरचा पत्ता घातला की खाट लवकर मिळते, म्हणून आमच्यातले सगळेच तसं करत. मीही माझ्या वडिलांच्या वेळी केलं होतं.

"पत्ता कशाला हवाय?"

"ती मुलगी परत यायला हवी. आत्ता."

मला यात सापळा दिसला. ज्या मुलीच्या भावानं फोटो काढले तीच नेमकी यांना हवी होती. मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणालो की आधी तुमचा खुलासा घेतो, मग बघू. त्या बसल्या. मी टिकल्यांबद्दल विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"टिकली म्हणजे पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेलेला माणूस," त्या म्हणाल्या. "दाखल झाल्यावर पहिल्या रक्तातच ते कळतं. या आजाराचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की शरीर त्याची ओळख ठेवतं. पुढं कधी दुसऱ्या प्रकारचा विषाणू आला की शरीराला वाटतं, हा तोच जुना. जुनी प्रतिपिंडं त्याला धरतात, पण त्याचा बंदोबस्त करू शकत नाहीत. उलट त्याला पांढऱ्या पेशींच्या आत पोचवतात, आणि त्याला तिथंच वाढायचं असतं."

मी लिहून घेत होतो. दीडशे शब्दांत बसवायचं होतं.

"मग आठवण ठेवणाऱ्या पेशी धावून येतात. त्याही जुन्या ओळखीवर. विषाणू भराभर कमी होतो, ताप उतरतो, घरच्यांना वाटतं सुटलो. पण या पेशींनी जी रसायनं सोडलेली असतात, त्यांच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. त्याच वेळी मोजून सलाईन दिलं तर माणूस वाचतो. सगळ्यांना असं होत नाही. टिकलीवाल्यांना होण्याची शक्यता जास्त, म्हणून टिकली. त्यांच्याकडे नर्सनं तासातासाला बघावं म्हणून."

"म्हणजे विषाणू नाही, आपल्याच पेशी माणसाला मारतात?"

"हे असं माझ्या नावावर छापू नका."

"आणि संशोधन?"

"कुणाच्या पेशी असं वागणार हे आदल्या दिवशीच्या रक्तात दिसतं का, ते शोधतेय. म्हणून दोनदा रक्त."

मी विचारलं, हे काल का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, टिकलीचा अर्थ बाहेर गेला असता तर वॉर्डात घबराट झाली असती. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही मला आवडला नाहीत. ती माझी चूक."

मी परवानगीचं पत्र मागितलं. ते त्यांच्या पर्समध्ये होतं. तीन पानांचं, इंग्रजीत, समितीच्या सह्यांचं. मी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. तारखा ताडून पाहिल्या, एका सहीखालचं नाव खरं आहे का ते कळावं म्हणून पुण्याच्या कार्यालयाला फोन लावला. तिथं जेवणाची सुट्टी होत होती, माणूस सापडायला वेळ लागला. नाव खरं होतं. तेवढ्या वेळात बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मला वाटलं, पत्र खोटं असल्यामुळे अस्वस्थ आहेत.

मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "टिकलीवाले अकरा जण आज सकाळी घरी गेले. दहा जणांच्या घरी माझी माणसं पोचलीत. अकरावा पत्ता फक्त तुमच्याकडे आहे. खुलासा झाला असेल तर द्या."

मी पत्ता लिहून दिला नाही. म्हणालो, मीच येतो. तेव्हाही मला त्यांना एकटं जाऊ द्यायचं नव्हतं.

शिनू विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहायचा. आम्ही रिक्षानं गेलो. दारात त्याची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला. माझ्यामुळे पोरगी घरी आली, असं ती सकाळपासून सगळ्या आळीला सांगत होती.

"या सायेब. बघा की, ताप कुठं पळाला. अंग कसं गारगार झालंय."

बिडकरबाई चप्पल न काढता आत गेल्या.

भाग्या चटईवर कुशीवर झोपली होती. पोट दुखतंय म्हणत होती आणि पाणी मागत होती. शिनू तिच्या उशाशी बसून वारा घालत होता. बाईंना बघून तो उठला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली तसा बाजूला झाला. बाईंनी भाग्याचा तळहात आपल्या हातात घेतला. मग तिच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. नख पांढरं पडलं आणि पांढरंच राहिलं. लघवी कधी झाली, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, सकाळपासून नाही, घाम मात्र खूप येतोय.

"अन्ना," भाग्या शिनूला म्हणाली, "परत नेतोयस काय मला?"

शिनूनं तिला उचललं. रिक्षा दारातच होती. आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तंबाखू उंबऱ्यावर सांडला. ती तो गोळा करत बसली. काय झालंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तळमजल्यावरच्या दरवाजाबाहेर शिनू आणि मी बाकावर बसलो. तास-दीड तास गेला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला, समोरच्या भिंतीकडे बघत.

"डॉक्टर ऑफिसात किती वाजता आल्या बे?"

मी म्हणालो, "साडेबारा."

त्याच वेळी दरवाजा उघडून बिडकरबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी प्रश्न ऐकला होता आणि उत्तरही. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग शिनूला म्हणाल्या, "तुम्ही आत या. ती तुम्हाला बोलावतेय."

भाग्या गुरुवारी पहाटे साडेपाचला गेली. उरलेले दहाही जण वाचले. त्यातल्या तिघांना खाली न्यावं लागलं होतं.

डॉ. बिडकर यांचा खुलासा गुरुवारच्या अंकात पान पाचवर आला. एकशे बेचाळीस शब्द. बुधवारी संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावरून मीच तो फोनवर सांगितला होता. त्यात एकही चूक नव्हती.

महिन्याभरानं मी त्यांना त्यांच्या खोलीत जाऊन भेटलो. तो तास मिळाला असता तर फरक पडला असता का, असं विचारलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हा खुलासा कोणत्या पानावर येणार आहे?" मी उठलो. पुढच्या वर्षी त्यांचं काम संपलं आणि त्या पुण्याला परत गेल्या.

शिनू शनिवारीच कामावर आला होता. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकाच मोटरसायकलवरून शहरभर फिरलो. मोर्चे, अपघात, सिद्धेश्वराची यात्रा. त्यानं बुधवारचा विषय पुन्हा काढला नाही. मला वाटायचं, माझ्या उत्तरावर त्याचा विश्वास बसला. कधी कधी बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, मी काहीतरी म्हणेन अशी वाट बघत असल्यासारखा. मी हवेबद्दल काही बोलायचो. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि लग्नाच्या फोटोंचं दुकान टाकलं.

गेल्या महिन्यात कार्यालय नव्या इमारतीत हललं. मी निवृत्त झालोय, पण जुने फोटो कुणाचे आणि कधीचे हे सांगायला त्यांनी मला बोलावलं. संगणकावर वर्षावार कप्पे होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'टिकली' नावाचा कप्पा सापडला. आत सात फोटो होते.

पहिले सहा मला पाठ होते. सातवा दुसऱ्याच वहीचा होता. पान आखलेलं, कडा मळलेल्या. आमच्या कार्यालयाच्या फाटकावर वॉचमनकडे असायची ती वही, भेटायला येणाऱ्यांची. बुधवारची तारीख, वरून चौथी ओळ, निळी शाई, डॉक्टरांच्या मानानं फार सुवाच्य अक्षर. डॉ. हेमलता बिडकर. कुणाला भेटायचं: माळवदकर. आत: ११.४५. बाहेर: १२.५०.

फोटो शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काढलेला होता. त्या शनिवारी साडेनऊला शिनू वर आला होता, कॅमेऱ्याची पिशवी खुंटीला अडकवली होती आणि चहा घेणार काय, असं मला विचारलं होतं. मी घेतला होता.

घरी येऊन मी त्याला फोन लावला. मागं दुकानात कुणीतरी अल्बमच्या रंगावरून हुज्जत घालत होतं. मी नाव सांगितलं, तब्येतीचं विचारलं नाही.

"शिनू, त्या पावणेबाराला आल्या होत्या."

हुज्जत ऐकू येईनाशी झाली. तो दुकानाबाहेर आला असावा.

"माहीत आहे बे," तो म्हणाला. "तू कधी सांगतोस, ते बघत होतो."